तिसऱ्या ओळीशी भांडण

पत्राचा गोषवारा: लिहिणाऱ्या बाईंचं वय 43. हिशेब तपासण्याच्या कामात 18 वर्षं गेली. गणिताची पदवी घ्यायची राहून गेली होती, म्हणून यंदा घरबसल्या शिकायला प्रवेश घेतला. पुस्तकाचं पहिलंच प्रकरण प्रतीकात्मक तर्कशास्त्राचं. 'आणि', 'किंवा', 'नाही' इथपर्यंत सुरळीत चाललं. मग 'जर–तर'चा सत्यता तक्ता आला आणि गाडी रुतली. "पहिला भाग खोटा असेल तर अख्खं वाक्य खरं धरायचं, हे मला पटतच नाही. 'चंद्र चौकोनी असेल तर 7 ही विषम संख्या आहे', हे खरं कसं? कशाचा कशाला संबंध?" अकरावीतला मुलगा म्हणतो, पाठ कर आणि पुढे जा. त्यांना ती स्वतःची फसवणूक वाटते. "पायाच कळला नाही तर वरचं बांधकाम कशावर करू?" तीन आठवडे त्या एकाच पानावर आहेत. त्यात घरात कोणी काही बोललं की त्यांना ते तपासून पाहायची सवय लागलीय आणि नवरा 'तर्कट' म्हणायला लागलाय. पाठ करू, कळेपर्यंत थांबू, की नाद सोडून देऊ, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय मैत्रीण,

तुम्ही जिथे अडकलात तिथली रांग फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या ग्रीसमध्ये डायोडोरस आणि त्याचाच शिष्य फायलो नेमके याच तक्त्यावरून भांडत होते. फायलोचं म्हणणं तुमच्या पुस्तकासारखं होतं: पूर्वांग ('जर'चा भाग) खरं आणि उत्तरांग ('तर'चा भाग) खोटं, ही एकच स्थिती सोडली तर जर–तरचं विधान खरं. गुरूला ते मान्य नव्हतं. वाद इतका गाजला की कॅलिमॅकस नावाच्या कवीने म्हटलं, आता छपरावरचे कावळेसुद्धा यावरच काव काव करताहेत. तेव्हा आपलं वय झालं, आपल्या डोक्याला गंज चढला वगैरे जे काही तुम्ही पत्रात लिहिलंय, ते खोडून टाका. मी स्वतः हा तक्ता पाठ करून परीक्षा दिली होती, चांगले गुण मिळवले होते आणि त्यात न पटण्यासारखं काही आहे हे मला कळलंसुद्धा नव्हतं. तुम्हाला निदान ते कळलंय.

तक्ता समोर ठेवू. 'प' आणि 'क' ही दोन विधानं, आणि त्यांतून बनलेलं 'प → क', म्हणजे 'प असेल तर क'.

प खरं, क खरं : खरं
प खरं, क खोटं : खोटं
प खोटं, क खरं : खरं
प खोटं, क खोटं : खरं

पहिल्या दोन ओळींशी तुमचं भांडण नाही. तिसरी आणि चौथी ओळ तुम्हाला पटत नाही, त्यातही तिसरी जास्त. माझा दावा असा की या दोन्ही ओळी तुम्ही आधीपासून मानता, फक्त त्या अशा मांडलेल्या तुम्ही कधी पाहिल्या नव्हत्या.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये लोकांपुढे एक कोडं ठेवलं. मी ते आपल्या अक्षरांत सांगते. टेबलावर चार कार्डं आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. तुम्हाला दिसताहेत अ, म, 4 आणि 7. नियम असा सांगितलाय: 'एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते.' नियम पाळला गेलाय की नाही हे तपासायला कोणती कार्डं उलटावीच लागतील? पुढे वाचण्याआधी एक मिनिट थांबा.

'अ' उलटायला हवं हे जवळजवळ सगळ्यांना सुचतं. त्यानंतर बरेच जण '4' उचलतात आणि तिथे चुकतात, कारण 4 च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. उलटायला हवं '7'. त्याच्या मागे स्वर निघाला तर नियम खलास. बहुतेक लोक हे कोडं चुकतात. मला मात्र तुमचं लक्ष वेगळ्याच कार्डाकडे न्यायचंय. 'म' उलटावं असं तुम्हाला वाटलं का? नसेलच वाटलं. 'म' हा स्वर नाही, मग त्याच्या मागे सम असो वा विषम, नियमाला धक्का लागत नाही. म्हणजे पूर्वांग खोटं असेल तेव्हा उत्तरांग काहीही असलं तरी 'नियम शाबूत' असा निकाल तुम्ही देऊन मोकळ्या झालात. तिसरी आणि चौथी ओळ हेच सांगतात. तिथलं 'खरं' हे शाबासकीचं खरं नाही. 'इथे नियम मोडलेला नाही' एवढाच त्याचा अर्थ.

अजूनही कुणी म्हणेल, त्या दोन ओळींत 'खोटं' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? हा प्रश्न चांगला आहे आणि पाठ्यपुस्तकं तो उगाच टाळतात. पहिल्या दोन ओळी ठरलेल्या आहेत: खरं, खोटं. उरलेल्या दोन जागा भरायचे चारच मार्ग आहेत. दोन्हीकडे 'खोटं' लिहिलं तर जो तक्ता मिळतो तो 'प आणि क'चा. तिसरीत 'खोटं' आणि चौथीत 'खरं' लिहिलं तर मिळतो 'प असेल तर आणि तरच क'. तिसरीत 'खरं', चौथीत 'खोटं' लिहिलं तर स्तंभ हुबेहूब 'क'सारखाच होतो, मग 'प' लिहिण्याची गरजच काय? या तिघांची कामं आधीच ठरलेली आहेत. 'जर–तर'साठी उरतो एकच स्तंभ, तुम्हाला न आवडणारा.

आणि तो तसा हवाच. 'कोणत्याही संख्येला 4 ने भाग जात असेल तर तिला 2 ने भाग जातो.' हे वाक्य सगळ्या संख्यांसाठी खरं आहे यात वाद नाही. आता 8 घ्या: दोन्ही भाग खरे, पहिली ओळ. 7 घ्या: दोन्ही खोटे, चौथी ओळ. 6 घ्या: 4 ने भाग जात नाही, 2 ने जातो, म्हणजे तिसरी ओळ. तिसऱ्या ओळीत 'खोटं' लिहिलंत तर 6 मुळे ते अख्खं वाक्य कोसळेल, आणि ते तुम्हाला नक्कीच नकोय.

राहिला चौकोनी चंद्र. तुमची खरी तक्रार 'संबंध काय?' ही आहे आणि ती रास्त आहे. आपण बोलताना 'जर–तर'मध्ये बरंच काही भरतो: कारण, क्रम, धमकी, आमिष. '→' ही खूण यातलं काहीही उचलत नाही. दोन्ही भागांची सत्यमूल्यं तेवढी ती पाहते. असं हे एकट्या 'जर–तर'चं नाही. 'ती हुशार आहे आणि आळशी आहे' आणि 'ती हुशार आहे पण आळशी आहे' या दोन वाक्यांत किती फरक आहे! तर्कशास्त्रात दोन्ही 'प ∧ क', म्हणजे 'प आणि क'. 'पण'मधला सुस्कारा गळून गेला. 'किंवा'चंही तेच: '∨' म्हणजे एक तरी खरं, दोन्ही खरी असली तरी चालेल. 'आज येणार की उद्या?' मधला 'की' दोन्ही चालवून घेत नाही. तो '∨' नव्हे. 'येणार नाही असं नाही' या वाक्यातली कुरकुर 'नाही'च्या दोन खुणांत उरत नाही, तिथे सरळ 'येणार' होतं. 'आणि', 'किंवा' शिकताना हे सगळं तुम्ही निमूट सोडून दिलंत. 'जर–तर'शी आल्यावर एकदम हिशेब मागायला लागलात! या खुणा मराठीची भाषांतरं आहेत, हे तुमचं गृहीतक होतं. ते तेवढं बाजूला ठेवा.

एवढं सगळं गाळून मिळतं काय, हे तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊन सांगते. तेरीज, म्हणजे खात्यांच्या बेरजांचा ताळा, जुळली नाही की तुमचे लोक आधी फरकाला 9 ने भाग देऊन पाहतात ना? 5382 च्या जागी 5832 लिहिलं गेलं तर फरक 450, म्हणजे 9 गुणिले 50. नियम असा: दोन अंकांची अदलाबदल एवढी एकच चूक असेल तर फरकाला 9 ने भाग जातो. आता फरक आला 18. नवा मुलगा लगेच म्हणतो, "9 ने भाग गेला, म्हणजे अदलाबदलच." तुम्ही मान हलवता, कारण 18 ची एखादी नोंदच राहून गेलेली असू शकते. अदलाबदल नाही, तरी 9 ने भाग जातो. पूर्वांग खोटं, उत्तरांग खरं, नियम शाबूत. मैत्रीण, ही तुमची तिसरी ओळ! त्या मुलाचा युक्तिवाद असा: 'प → क', 'क', म्हणून 'प'. तिसऱ्या ओळीत दोन्ही आधारविधानं खरी आणि निष्कर्ष खोटा निघतो, म्हणून तो युक्तिवाद अवैध. ती ओळ तक्त्यातून काढून टाकलीत तर त्या मुलाची चूक दाखवायची कशी?

उलट बाजूने पाहा. फरक आला 20. 9 ने भाग जात नाही. निव्वळ अदलाबदल हे कारण बाद, पुढचं पाहा. हा युक्तिवाद वैध आहे: 'प → क', 'क नाही', म्हणून 'प नाही'. 'प → क' आणि 'क नाही → प नाही' यांचे तक्ते अगदी एकसारखे येतात, करून पाहा. 'प → क' आणि 'क → प' यांचे मात्र येत नाहीत. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हेच धुराच्या उदाहरणावर घासून घेतलं होतं: जिथे धूर तिथे अग्नी, हे ठीक, पण जिथे अग्नी तिथे धूर म्हणाल तर ते लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा पुढे ठेवतात. अग्नी आहे, धूर नाही.

मराठीने या बाबतीत आपल्याला एक छोटं हत्यार दिलंय ते वापरा. 'सराव केलास तर जमेल' आणि 'सराव केलास तरच जमेल'. एका 'च'ने बाण फिरतो. पहिल्यात सरावाकडून जमण्याकडे, दुसऱ्यात जमण्याकडून सरावाकडे: जमलं असेल तर सराव केलेला असणार. केवळ सरावाने जमेलच, असं दुसरं वाक्य म्हणत नाही. पुस्तकात 'आवश्यक अट' आणि 'पुरेशी अट' असे शब्द येतील तेव्हा गोंधळू नका. 'तर'वाली पुरेशी, 'तरच'वाली आवश्यक. दोन्ही एकत्र आल्या की 'तर आणि तरच'.

आता तुमच्या 'पाया'बद्दल. ही उपमा तुम्हाला सगळ्यात जास्त छळतेय असं मला वाटतं. प्रकरण पहिलं आहे म्हणून तो पाया, हे खरं कसं? युक्लिडने भूमितीच्या सिद्धता रचल्या त्याला दोन हजारांहून जास्त वर्षं झाली. जॉर्ज बूलने तर्काचं बीजगणित मांडलं 1847 आणि 1854 मध्ये. 'सर्व' आणि 'काही' यांना हाताळणारी पूर्ण चिन्हभाषा फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने दिली 1879 मध्ये. व्हाइटहेड आणि रसेल यांनी सगळं गणित तर्कातून उभं करायला घेतलं तेव्हा 1 + 1 = 2 च्या जवळ पोचायला त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचं 379 वं पान उजाडलं, आणि तिथेही 'बेरजेची व्याख्या झाली की हे निघेल' एवढंच म्हटलंय. तोवर जगाची बेरीज काही थांबलेली नव्हती. इमारतीत माणसं राहत असताना तिच्याखाली हा पाया खणला गेला. तुम्हीही वरच्या मजल्यावर राहायला जाऊ शकता आणि अधूनमधून खाली येऊन पाहू शकता.

म्हणून तुमच्या तीन पर्यायांबद्दल माझं मत. सोडू नका, हे सांगायला नकोच. 'कळेपर्यंत थांबणं' मला पाठांतरापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते प्रामाणिकपणाचा वेष घालून येतं. एका पानाकडे टक लावून ते कळत नाही, वापरून कळतं. आणि मुलाच्या सल्ल्यातला 'पुढे जा' बरोबर आहे, 'पाठ कर' अर्धाच बरोबर. तक्ता हाताशी ठेवा, तो उधार घेतलाय असं समजा आणि दहा दिवस वापरा. रोज एक जर–तरचं वाक्य आकड्यांबद्दल घ्या, चंद्राबद्दल नको. त्याच्या चारही ओळींना बसणारी संख्या शोधा. दुसऱ्या ओळीसाठी संख्या सापडली तर वाक्य खोटं. सापडत नसेल तर ती का सापडत नाही, हे लिहून काढलंत की तीच सिद्धता. तक्ते हाताने करा. दोन अक्षरांना 4 ओळी, तीनांना 8, चारांना 16. चारच्या पुढे हाताने जाऊ नका, त्यातून नवं काही शिकायला मिळत नाही. प्रत्येक सूत्र मोठ्याने मराठीत वाचा आणि कंस वाचायला विसरू नका. '~' ही 'नाही'ची खूण. '~(प ∧ क)' म्हणजे 'दोन्ही खरी आहेत असं नाही', आणि '~प ∧ ~क' म्हणजे 'दोन्ही खोटी'. पहिल्याचं सरळ रूप '~प ∨ ~क'. हा डी मॉर्गन या गणितज्ञाचा नियम. डी मॉर्गनचा जन्म 1806 मध्ये मदुराईचा, हे जाता जाता.

जिथे खरी मेहनत घ्यायची ती जागा तिसरी ओळ नाही, ती आहे निषेध, म्हणजे विधान नाकारणं. 'प → क' खोटं पाडायचं म्हणजे काय दाखवायचं? नवशिके 'प → ~क', म्हणजे 'प असेल तर क नाही', असं लिहितात. चूक. 'प आहे आणि तरी क नाही' असं एक उदाहरण दाखवायचं, म्हणजे दुसरी ओळ. एखाद्या संख्येचा वर्ग घ्या, तीच संख्या मिळवा, मग 41 मिळवा. 0 पासून 39 पर्यंत कोणतीही संख्या घेतली तरी उत्तर मूळ संख्या येते, म्हणजे 1 आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. चाळीस वेळा! 40 घेतलं की उत्तर 41 चा वर्ग. 'नेहमी मूळ संख्या येते' हे विधान त्या एका आकड्याने पडलं. 'सर्व'चा निषेध 'एकही नाही' असा नसतो, 'निदान एक तरी तसा नाही' असा असतो. बोली मराठी इथे दगा देते. 'सगळे आले नाहीत' याचा अर्थ काही आले की कुणीच नाही, हे सांगणाऱ्याच्या सुरावर ठरतं. सूत्रात सूर नसतो, '~' कुठे बसलाय ते पाहायचं: '∀'च्या (म्हणजे 'सर्व'च्या खुणेच्या) आधी की नंतर.

क्रमाचंही तसंच. 'प्रत्येक कुलपाला लागणारी एक किल्ली आहे.' ज्याची त्याची वेगळी किल्ली, की सगळ्यांना मिळून एकच? आधी '∀' मग '∃' (म्हणजे 'निदान एक तरी आहे') लिहिलं तर पहिला अर्थ, उलट लिहिलं तर दुसरा. पुढे सीमा आणि सातत्य शिकाल तेव्हा अर्धी भांडणं या दोन खुणांच्या क्रमावरून होतील. ती भांडणं तुमची शक्ती खर्च करण्यालायक आहेत.

घरच्या आघाडीबद्दल थोडंसं. तुम्ही लिहिलंय की नवरा म्हणाला, "तुला माझं काहीच पटत नाही," आणि तुम्ही पटलेली एक गोष्ट काढून दाखवलीत. प्रतिउदाहरण म्हणून निर्दोष. पण ते सगळ्या गोष्टींबद्दलचं विधान करत नव्हते. बहुधा त्या दिवशीच्या एका गोष्टीबद्दल रुसले होते. शिवाय वैध युक्तिवाद म्हणजे खरा निष्कर्ष, असंही नसतं. आधारविधानं खोटी असतील तर वैध युक्तिवादातूनही वाटेल ते बाहेर पडतं, आणि आधारविधानं खरी आहेत की नाहीत हे तक्ता सांगत नाही. तिथे तुम्हाला दुसऱ्याचं ऐकावंच लागतं. सराव गणितावर करा, नवऱ्याला सुट्टी द्या.

मुलाला मात्र आज रात्री ती चार कार्डं मांडून दाखवा. त्याने 'अ' आणि '4' उचललं, तर त्याच्याकडून पाठांतराचा सल्ला किती घ्यायचा ते तुम्हीच ठरवा.